पहिली रिसेल जोडी घेताय? आधी विचारा, ती आत्ता आहे कुठे

गेल्या दिवाळीत माझ्या भाच्याने साठवलेल्या पैशांतून नाइकीचे जॉर्डन बूट घ्यायचं ठरवलं. रात्री साडेअकराला त्याने दोन स्क्रीनशॉट पाठवले. "मामा, इथे साडेसतरा हजार, दुसरीकडे एकवीस. साडेसतरावाला घेऊ ना?" मी एवढंच विचारलं, "पेअर आत्ता कुठे आहे?" तो गोंधळला. म्हणाला, "वेबसाइटवर आहे की."

वेबसाइटवर फोटो असतो. बूट कुणाच्या तरी कपाटात असतो, दुकानाच्या फडताळात असतो, परदेशातल्या एखाद्या गोदामात असतो किंवा अजून कुणी विकतच घेतलेला नसतो. किंमत, वाट बघायचे दिवस, बनावट निघण्याची भीती, परतीची सोय हे सगळं या एका गोष्टीवर ठरतं. सात-आठ वर्षं मी स्नीकर घेतोय, अधूनमधून विकतोय, आणि नव्या मुलांचे पैसे कुठे अडकतात ते जवळून बघतोय. म्हणून हे सगळं क्रमाने लिहून काढलं.

बाजार कसा चालतो

कंपनी एखादा बूट मोजक्या संख्येत काढते. त्याला ड्रॉप म्हणतात. मागणी जास्त असली की दुकानं रॅफल ठेवतात, म्हणजे नाव नोंदवायचं आणि चिठ्ठी लागली तरच छापील किमतीत बूट मिळायचा. ती छापील किंमत म्हणजे रिटेल. ज्यांना लागला त्यांच्यातले काही जण तोच बूट पुढे विकतात, ते रिसेल. न घातलेल्या, डब्यासकटच्या जोडीला डेडस्टॉक म्हणतात. घातलेली जोडी यूज्ड. रिसेलचा भाव रिटेलच्याही खाली गेला तर त्या बुटाला ब्रिक म्हणतात, आणि नव्या माणसासाठी ती चांगली बातमी असते.

आपल्याकडे दिल्लीचं व्हेजनॉनव्हेज आणि मुंबईचं सुपरकिक्स ही मुळात रिटेलची दुकानं. तिथे छापील किंमत असते आणि रॅफल लागतात. मेनस्ट्रीट मार्केटप्लेस, क्रेपडॉग क्रू ही रिसेलची नावं. यातलं मेनस्ट्रीट २०१७ मध्ये यूट्यूब चॅनेल म्हणून सुरू झालं होतं. बाहेर अमेरिकेत स्टॉकएक्स, गोट आणि ईबे हे मोठे बाजार. यांच्या शेजारीच इन्स्टाग्रामवरची असंख्य पानं आणि व्हॉट्सॲप ग्रुप आहेत. भारतातले बरेच व्यवहार तिथेच होतात आणि फसवणूकही तिथेच जास्त होते.

कुठलाही रिसेल भाव बघण्याआधी तोच बूट रिटेलला मिळतोय का ते बघा. ही पायरी मुलं सर्रास गाळतात. आदिदास सांबाचे साधे रंग कंपनीच्या साइटवर पडून असताना त्याच रंगासाठी दीड-दोन हजार जास्त मोजणारी मुलं मी पाहिली आहेत.

पाय मोजा, सेंटिमीटरमध्ये

"मला यूके आठ लागतो" हे वाक्य या बाजारात अपुरं आहे. नाइकीचा यूके ८ म्हणजे यूएस ९, युरो ४२.५ आणि २७ सेंटिमीटर. आदिदासचा यूके ८ म्हणजे यूएस ८.५ आणि २६.५ सेंटिमीटर. त्याच २७ सेंटिमीटरच्या पायाला आदिदासमध्ये आणि न्यू बॅलन्समध्ये यूके ८.५ लागतो. दुकानात बूट घालून बघता येतो, तिथे हा अर्धा नंबर लक्षात येत नाही. इथे तो थेट खिशाला बसतो, कारण बहुतेक रिसेल साइट "साइज बसला नाही" हे कारण परतीसाठी धरत नाहीत.

संध्याकाळी मोजा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. मोजे घाला, भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहा, सर्वांत पुढे येणाऱ्या बोटापाशी खूण करा आणि पट्टीने माप घ्या. दोन्ही पायांचं घ्या, मोठं असेल ते धरा. मग घरातल्या ज्या बुटात तुम्हाला बरं वाटतं त्याच्या जिभेखालची चिठ्ठी वाचा. तिच्यावर सेंटिमीटरचा आकडा असतो. दोन्ही आकडे जुळवून बघा.

आपल्याकडे पुष्कळांचा पंजा रुंद असतो. नाइकीचा डंक अरुंद असतो, त्यामुळे रुंद पंजाच्या माणसाने अर्धा नंबर वर घ्यावा. नाइकीचाच एअर फोर्स वन ऐसपैस असतो, त्यात बरेच जण अर्धा नंबर खाली जातात. आदिदासचा यीझी ३५० अर्धा नंबर वरच बरा. ज्यांचा पाय लहान आहे त्यांनी जीएस असं लिहिलेल्या जोड्या बघाव्यात. ही मोठ्या मुलांची मापं असतात. जीएस ७वाय म्हणजे महिलांचा यूएस ८.५. तोच रंग बऱ्याचदा बराच स्वस्त पडतो, फक्त चामडं आणि आतली गादी कधी कधी हलकी असते.

नावावर जाऊ नका, कोड शोधा

"जॉर्डन वन लाल-काळा" अशा नावाने शोधलं तर दहा वेगवेगळे बूट समोर येतात. प्रत्येक रंगाला कंपनीचा स्वतःचा कोड असतो. ज्याला सगळे पांडा म्हणतात त्या पुरुषांच्या डंक लोचा कोड डीडी१३९१-१००. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या जॉर्डन वन 'लॉस्ट अँड फाउंड'चा डीझेड५४८५-६१२. आदिदासचे कोड आखूड असतात, पांढऱ्या सांबाचा बी७५८०६. हा कोड डब्याच्या लेबलवर असतो आणि बुटाच्या आतल्या चिठ्ठीवरही असतो. विकणाऱ्याकडे आधी कोड मागा. इंग्रजी अक्षरांत तो गुगलमध्ये टाका आणि बूट तोच आहे का, तो कधी आला, रिटेल किती होती हे बघा. कोड द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याशी पुढे बोलायचं कारण नाही.

भाव वाचायला शिका

स्टॉकएक्सची कल्पनाच शेअर बाजारावरून घेतलेली आहे. घेणारा आपली बोली लावतो, विकणारा आपली मागणी सांगतो, दोन्ही जुळल्या की सौदा होतो. त्या पानावर मागची विक्री किती डॉलरला झाली ते दिसतं. तुम्ही तिथून घ्या किंवा घेऊ नका, भावाचा अंदाज घ्यायला ते पान फुकट उपलब्ध आहे. मागणीचा आकडा म्हणजे विकणाऱ्याची इच्छा. झालेल्या विक्रीचा आकडा म्हणजे भाव. घर बघताना आपण "सांगतात ऐंशी, पण सौदे सत्तरला झालेत" असं म्हणतो, अगदी तसंच.

हे आकडे तुमच्याच साइजचे बघा. एकाच बुटाच्या यूके ८ आणि यूके ११ मध्ये काही हजारांचा फरक असू शकतो.

भाव चढाच राहील असं धरून घेऊ नका. पांडा डंक २०२१ मध्ये १०० डॉलर रिटेलला आला आणि सुरुवातीला दुपटीहून जास्त भावाने विकला जात होता. नाइकीने तो पुन्हा पुन्हा बाजारात आणला आणि भाव रिटेलच्या जवळ येऊन ठेपला. सुरुवातीला "आत्ताच घेतला पाहिजे" म्हणून ज्यांनी घेतला त्यांनी दुप्पट पैसे मोजले, दोन वर्षं थांबले त्यांनी जवळपास छापील किंमत दिली. तुमचा आवडता बूट कंपनीच्या नेहमीच्या पठडीतला असेल तर थांबण्यात काहीही जात नाही. ट्रॅव्हिस स्कॉट या रॅपरसारख्या कुणाबरोबर काढलेला, एकदाच येणारा बूट असेल तर मात्र पहिल्या काही आठवड्यांत माल बाजारात भरपूर असतो, भाव थोडा बसलेला असतो, आणि घेण्यासाठी तोच काळ बरा.

आता परदेशी भावाबद्दल. १५० डॉलर बघून लगेच रुपयांत गुणाकार करू नका. बुटाची किंमत, वाहतूक आणि विमा मिळून जी रक्कम होते तिच्यावर सीमाशुल्क लागतं, आणि त्या सगळ्या बेरजेवर पुन्हा जीएसटी. २०२० च्या अर्थसंकल्पात पादत्राणांवरचं सीमाशुल्क २५ वरून ३५ टक्क्यांवर गेलं, त्यानंतरही कराची रचना बदलत राहिली आहे. म्हणून ऑर्डर देण्याआधी साइटला स्पष्ट विचारा की दाखवलेल्या रकमेत शुल्क धरलंय का. धरलं नसेल तर कुरिअरवाला दारात बिल घेऊन येतो. अमेरिकेत शिकणारा भाऊ किंवा वहिनी डिसेंबरात घरी येणार असेल तर तिथल्या पत्त्यावर मागवून त्यांच्यासोबत आणणं पुष्कळ मराठी घरांत चालतं. त्यांना आधी विचारा, कारण डब्यासकट एक जोडी बॅगेत बरीच जागा खाते आणि ती बॅग त्यांची असते.

जोडी आत्ता कुठे आहे

आता मूळ प्रश्न. उत्तरं तीनच संभवतात.

पहिलं, जोडी विकणाऱ्याच्या हातात आहे. मग पुरावा मागा: आजची तारीख आणि तुमचं नाव लिहिलेली चिठ्ठी बुटाशेजारी ठेवून काढलेला फोटो. इन्स्टाग्रामवाल्या मुलांना हे रोजचं आहे, दोन मिनिटांत मिळतं. शक्य असेल तर व्हिडिओ कॉल. चिठ्ठी न ठेवता नुसते सुंदर फोटो आले तर ते दुसऱ्याच्या पानावरून उचललेले असू शकतात. पुण्या-मुंबईतच माणूस असेल तर मॉलमध्ये किंवा मेट्रो स्टेशनवर भेटून घ्या. मी घेतलेल्या निम्म्या जोड्या अशाच समोरासमोर घेतल्या आहेत.

दुसरं, जोडी मार्केटप्लेसच्या, म्हणजे रिसेल साइटच्या, दुकानात किंवा गोदामात आहे. अशा लिस्टिंगवर बहुधा 'तत्काळ पाठवणी' अशा अर्थाचा शिक्का असतो. भाव थोडा जास्त असतो, आणि तो योग्य असतो, कारण त्यांनी आपले पैसे गुंतवून माल आणून ठेवलेला आहे किंवा कुणीतरी विक्रीसाठी त्यांच्याकडे ठेवलाय आणि त्यांनी तो तपासलाय. पहिल्या खरेदीसाठी मी हाच मार्ग सांगतो. दुकान असेल तर जाऊन पायात घालून बघा.

तिसरं, जोडी अजून कुठेच नाही. तुम्ही पैसे दिल्यावर विक्रेता ती दुबई, चीन किंवा अमेरिकेतून मिळवायला निघतो. 'दोन ते तीन आठवडे' असं लिहिलेलं असलं की बहुतेक वेळा हाच अर्थ. यात लबाडी असतेच असं नाही, बरेच सरळ व्यापारी या पद्धतीने काम करतात. पण जोखीम कुणाकडे आहे ते ओळखा. भाव मध्येच चढला तर त्याला तोटा होतो, मग "सप्लायरकडे साइज संपला" असा निरोप येतो. माल सीमाशुल्कात अडकला तर वाट तुम्ही बघता. तोवर पैसे त्याच्याकडे असतात.

हे माझ्या बाबतीत घडलंय. सहा वर्षांपूर्वी एका ऑनलाइन पानावरून मी न्यू बॅलन्स मागवला, बहिणीच्या लग्नात घालायला. सगळे पैसे आधी दिले. एकवीस दिवस सांगितले होते. बावीसाव्या दिवसापासून रोज एकच उत्तर: "कस्टम्समध्ये आहे दादा, उद्या-परवा." ट्रॅकिंग नंबर मागितला की गप्प. लग्न जुन्या मोजडीवर झालं. सत्तावन्नाव्या दिवशी अर्धे पैसे परत आले, उरलेले यायला आणखी पाच महिने लागले, आणि तेही रोज मेसेज करत राहिलो म्हणून. त्या पाच महिन्यांत आईने दोनदा विचारलं, "मिळाले का रे पैसे?" आणि दोन्ही वेळा मला नाही म्हणावं लागलं. तेव्हापासून हा प्रश्न मी पैसे देण्याआधी विचारतो.

मोठ्या प्रमाणावर काय होऊ शकतं ते अमेरिकेत दिसलं. ओरेगन राज्यातल्या झादेह किक्स या धंद्याने येणाऱ्या जॉर्डन इलेव्हन 'कूल ग्रे'च्या ६ लाखांहून जास्त जोड्या आगाऊ विकल्या. सरकारी वकिलांच्या म्हणण्यानुसार त्यांच्या हाती आल्या सहा हजारांच्या आसपास. २०२२ मध्ये धंदा बंद पडला. आगाऊ ऑर्डर म्हणजे नेमकं काय, ते या दोन आकड्यांत आहे. नसलेला माल विकताना संख्येला मर्यादा राहत नाही.

तिसरा प्रकार घ्यायचाच असेल तर तीन गोष्टी लेखी घ्या: शेवटची तारीख, ती उलटली तर पैसे परत, आणि परत म्हणजे बँकेत. पुष्कळ ठिकाणी परतावा म्हणून त्यांच्याच दुकानाचं क्रेडिट मिळतं, आणि मग तुम्हाला नको असलेला बूट घ्यावा लागतो. सुरुवातीला थोडी रक्कम आणि जोडी भारतात आल्यावर उरलेली, असं ठरलं तर सगळ्यात उत्तम.

खरं की बनावट

'फर्स्ट कॉपी', 'मास्टर क्वालिटी', '७ए', 'यूए', 'एकास एक' हे सगळे शब्द बनावट मालाचे आहेत. 'यूए' म्हणजे कारखान्यातून मागच्या दाराने आलेला खरा माल, असं समजावून सांगितलं जातं. विश्वास ठेवू नका.

बूट हातात आल्यावर मी सगळ्यात आधी चिठ्ठी वाचतो. तिच्यावरचा कोड डब्याच्या लेबलवरच्या कोडशी जुळला पाहिजे, साइजही. दोन्ही पायांच्या चिठ्ठ्या बघा. नाइकीच्या चिठ्ठीवर बनवल्याच्या तारखा असतात, आधी महिना, मग दिवस, मग वर्ष. बूट बाजारात आल्यानंतर बऱ्याच काळाने बनल्याची तारीख असेल तर थांबा. मग बूट मागून बघतो. जॉर्डन वन मागून बघितला तर टाचेचा आकार वर रुंद, मध्ये किंचित आत ओढलेला आणि खाली पुन्हा रुंद असतो. बनावटीत तो बऱ्याचदा सरळ नळीसारखा उतरतो. टाके एका रेषेत, एका अंतरावर आहेत का ते बोटाने चाचपा. शेवटी वास घ्या. नव्या बुटाला गोंदाचा वास असतोच, पण डबा उघडल्यावर डोक्यात जाणारा उग्र वास आला तर सगळं पुन्हा तपासा.

मात्र प्रत्येक खोट म्हणजे बनावटपणाची खूण नव्हे. वर सांगितलेल्या 'लॉस्ट अँड फाउंड'च्या गळ्याजवळचं काळं चामडं मुद्दाम तडकलेलं आहे, सोल मुद्दाम पिवळसर, आणि डब्याचं झाकणसुद्धा दुसऱ्याच डब्याचं वाटावं असं केलंय. जुन्या दुकानाच्या माळ्यावर सापडलेली १९८५ ची जोडी असावी अशी ती कल्पना आहे. हे माहीत नसलेली मुलं खरी जोडी परत करायला निघतात. म्हणून तुमच्या बुटाची खोड आधी वाचून ठेवा.

फोटो पाठवून पैसे देऊन तपासून घेता येतं, चेकचेक आणि लेगिट ॲप ही त्यातली ओळखीची ॲप आहेत. जोडीच्या किमतीच्या मानाने हा खर्च अगदी किरकोळ आहे. करा.

तपासणीचा शिक्का असला तरी डोळे उघडे ठेवा. नाइकीने २०२२ मध्ये स्टॉकएक्सवर दावा लावला, आणि २०२५ च्या मार्चमध्ये न्यायालयाने स्टॉकएक्सला ३७ बनावट जोड्यांच्या विक्रीबद्दल जबाबदार ठरवलं. दरम्यान स्टॉकएक्सने तपासलेल्या बुटाला लावायच्या आपल्या टॅगवरचा 'अस्सल असल्याची पडताळणी' अशा अर्थाचा मजकूर बदलून नुसता 'स्टॉकएक्स पडताळणी' केला. त्यांच्याकडून होणाऱ्या एकूण विक्रीच्या मानाने ३७ हा आकडा लहान आहे, आणि तपासणी असलेला बाजार अनोळखी पानापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे हे मी आजही म्हणेन. पण टॅग स्वतःच बनावट मिळतात. टॅग बघून बूट बघायचं सोडू नका.

पैसे आणि डबा

यूपीआयने गेलेले पैसे परत आणणं अवघड. क्रेडिट कार्डावर निदान बँकेकडे तक्रार करून रक्कम अडवून धरण्याची सोय असते. अनोळखी ठिकाणी कार्ड वापरा, आणि समोर माणूस नसेल तर व्यक्तीच्या खात्यावर सगळे पैसे पाठवू नका. बिल मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांवरच्या पादत्राणांना १८ टक्के जीएसटी आहे. जो धंदा कर भरतो तो बिल द्यायला कचरत नाही.

पार्सल आलं की उघडण्याआधी फोन कुणाच्या तरी हातात द्या. सील असलेल्या पाकिटाच्या सहाही बाजू, मग कुरिअरचं लेबल, मग उघडणं, मग दोन्ही बूट, चिठ्ठ्या, तळ. मध्ये कुठेही न थांबवता एकच व्हिडिओ. कट असलेला व्हिडिओ बहुतेक विक्रेते मान्य करत नाहीत. बूट घरातल्या फरशीवर घालून बघा, बाहेर जाऊ नका. तळाला माती लागली की डेडस्टॉक संपलं.

जुन्या जोडीचा मोह

दहा-बारा वर्षं जुना, कधीच न घातलेला जॉर्डन थ्री किंवा फोर स्वस्तात दिसला तर थांबा. त्यांच्या सोलमध्ये पॉलियुरेथेन असतं आणि ते हवेतल्या दमटपणाने आतून कुजत जातं. बाहेरून बूट नवा कोरा दिसतो. माझ्या मित्राने असाच एक घेतला आणि दादर स्टेशनच्या पुलावर तिसऱ्या-चौथ्या पायरीलाच टाचेतून भुगा गळायला लागला. खाली वाकून बघेपर्यंत बुटाचा तळ पुलावर आणि वरचा भाग पायात. मुंबई, कोकण, गोव्याच्या हवेत हे लवकर होतं. अशा जोडीचा सोल अंगठ्याने दाबणारा व्हिडिओ मागवा. बारीक चिरा पडल्या किंवा पावडर सुटली तर नको. डंक आणि जॉर्डन वनला रबराचा कडक तळ असतो, ते या बाबतीत पुष्कळ टिकाऊ. आणि एक लक्षात ठेवा: पॉलियुरेथेनचा बूट अधूनमधून घातलेला जास्त जगतो. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, महिन्याने बदला, आणि डबा भिंतीला चिकटवून ठेवू नका.

कपड्यांबद्दल थोडक्यात

सुप्रीम, बेप, एसेन्शियल्स या ब्रँडच्या हुडी आणि टी-शर्टना हेच नियम. फक्त एल किंवा एक्सएल या अक्षरांना काही अर्थ नाही, एकाचा एल दुसऱ्याचा एक्सएल असतो. कपडा सपाट पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंतचं माप आणि खांद्यापासून खालपर्यंतची लांबी मागा, आणि आपल्या आवडत्या टी-शर्टाशी ताडून बघा. गळ्यामागचं लेबल आणि आतली धुलाईची पट्टी यांचे जवळून काढलेले फोटो हवेतच. वापरलेल्या कपड्यांसाठी ग्रेल्ड हा जुना बाजार आहे.

स्वतःची जोडी विकताना

मार्केटप्लेसकडे ठेवायला दिलीत तर गिऱ्हाईक ते शोधतात आणि आपलं कमिशन कापतात. आकडा धरून बघा. समजा जोडी १२ हजारांना घेतली, १५ हजारांना विकली गेली आणि कमिशन १५ टक्के आहे. हातात १२,७५० येतात, त्यातून कुरिअर गेलं. तीन हजारांचा वाटलेला फायदा सातशेवर येतो. म्हणून ठेवायला देण्याआधी कमिशन, पैसे किती दिवसांत मिळणार आणि विकली गेली नाही तर जोडी परत कोण आणून देणार, हे विचारा.

स्वतः विकणार असाल तर खोट लपवू नका. अंगठ्याजवळची सुरकुती, तळाची झीज, डब्याचा फाटका कोपरा यांचा वेगळा फोटो टाका. गिऱ्हाईकाने पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट दाखवला तरी बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक बघितल्याशिवाय जोडी देऊ नका. आणि पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. कुणी टाकायला सांगितला तर फोन ठेवा.

आपल्याकडे आलेली जोडी बनावट आहे असं कळलं तर ती पुढे ढकलू नका. व्यापारचिन्ह कायदा १९९९ नुसार असा माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. घरातली एखादी वापरलेली जोडी विकणं वेगळं, पण नियमित खरेदी-विक्री करून परराज्यात माल पाठवू लागलात तर उलाढाल कितीही असो, जीएसटी नोंदणी लागते. पहिल्या काही व्यवहारांनंतरच सीएशी बोलून घ्या.

पाठवताना मूळ डबा दुसऱ्या खोक्यात घाला. कुरिअरचं लेबल किंवा चिकटपट्टी मूळ डब्यावर लागली की गिऱ्हाईक तिथेच पाचशे-हजार कापतो, आणि त्याचं बरोबर असतं.

बिनसलं तर

आधी साइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार सोडवायची असते. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. पान गायब झालं, नंबर बंद झाला, म्हणजे सरळ फसवणूक झाली असेल तर एक तासही न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पैसे खात्यातून पुढे सरकण्याआधी गोठवता आले तरच उपयोग असतो. चॅट पुसू नका, पैसे पाठवल्याचा व्यवहार क्रमांक लिहून जवळ ठेवा.

भाच्याने दुसऱ्या दिवशी दोन्हीकडे विचारलं. साडेसतरावाल्याने लिहिलं, "ऑर्डर कन्फर्म करा, मग अरेंज करतो." एकवीसवाल्याची जोडी पुण्यातच होती. रविवारी आम्ही दोघं जाऊन बघून आलो, त्याने मोजे घालून ती पायात घातली, आणि अर्धा नंबर लहान निघाली. आता तो त्या दुकानात मोठा साइज येण्याची वाट बघतोय.